मंदावतो प्रोसेसर, बदनाम होतो व्हायरस

डेस्कटॉप अचानक रेंगाळायला लागला की आपल्याकडे दोनच निदानं ठरलेली असतात. एक तर व्हायरस शिरलाय, नाहीतर मशीन जुनं झालंय. पहिल्यावर उपाय फॉरमॅट, दुसऱ्यावर नवा पीसी. खर्च दोन्हीकडे गिऱ्हाइकाचाच. प्रत्यक्षात प्रोसेसरचा वेग पडतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. त्याला कुणीतरी वेग कमी करायला लावलेलं असतं. तो ‘कुणीतरी’ शोधला की निम्मं काम होतं.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. मदरबोर्डावरच्या क्रिस्टलच्या आधारे मिळणारा 100 मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले एक गुणक, असा प्रोसेसरचा वेग ठरतो. गुणक 29 असेल तर 2.9 गिगाहर्ट्झ, 43 असेल तर 4.3. वय झालं म्हणून हा गुणाकार चुकत नाही. चिप खरोखर झिजली तर मशीन हँग होतं, निळा स्क्रीन येतो. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे झिजत असल्याचं उघड झालं, तेव्हाही ओरड होती ती गेम आणि प्रोग्रॅम मध्येच बंद पडण्याची. जुना पीसी संथ वाटतो त्यात मोठा वाटा नव्या, जड सॉफ्टवेअरचा असतो.

आता व्हायरस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. दोन आकडे बघायचे : वापर किती टक्के आणि वेग किती. वापर 100 टक्क्यांजवळ आणि वेगही चढा असेल, तर कुठला तरी प्रोग्रॅम खरंच राबवून घेतोय. तो अँटिव्हायरसचा स्कॅन असेल, विंडोजचं अपडेट असेल, आणि हो, चोरून क्रिप्टो मायनिंग करणारा उपद्व्यापीही असू शकतो. पण वापर 100 टक्के आणि वेग मात्र तिथेच लिहिलेल्या ‘बेस स्पीड’च्याही खाली, तर ब्रेक लागलाय. सीपीयू निवांत आणि डिस्क 100 टक्के दिसत असेल तर प्रोसेसरला दोष देऊ नका. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मशीन रिकामं असताना वेग 0.8 ते 1 गिगाहर्ट्झवर येणं ही वीजबचत आहे, त्यामुळे परीक्षा नेहमी काम सुरू असतानाच घ्यायची. आणि 95 टक्के दाखवणारी ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ बंद करायच्या मागे लागू नका. तो आकडा रिकाम्या वेळेचा असतो.

‘पंखा फिरतोय म्हणजे थंड आहे’ हा समज मला सगळ्यांत महागात पाडणारा वाटतो. पंखा जोरात फिरत असतो तो बऱ्याचदा उष्णता निघत नाही म्हणूनच. तो उचलून बघा. खाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा राखाडी नमदा बसलेला सापडेल. पंखा त्या नमद्यावर वारा घालत बसतो, पात्यांमधून हवा जातच नाही. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार कोपऱ्यांत काळ्या प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यांतली एक जरी पुरती खाली बसली नसेल तरी कूलर एका बाजूला किंचित उचलला जातो आणि तापमान काही सेकंदांत शंभराकडे धावतं. त्यात आपली कॉम्प्युटर टेबलं! कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद कप्पा, पुढे दार, आणि गरम हवा पुन्हा आतच. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली 30 अंशांवरून 42 वर गेली की आतला आकडाही साधारण तेवढाच चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी रेंगाळणारं मशीन रात्री सुतासारखं सरळ होतं, ते यामुळे.

तापल्यावर वेग कमी करणं हा चिपचा बचाव आहे. 2001 मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू मशीनवरचे हीटसिंक काढून दाखवले होते. पेंटियम 4 मंदावला पण चालत राहिला, पेंटियम 3 थिजला, एएमडीचा ॲथलॉन जळून गेला. आज सगळेच प्रोसेसर मंदावतात. मात्र चढा आकडा म्हणजे बिघाडच असंही नाही. एएमडीने रायझन 7000 मालिकेतले बरेच प्रोसेसर जड कामात 95 अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेत.

‘4.3 सांगून 2.9 देतात, फसवणूक आहे’ ही तक्रारही नेहमीची. कोअर आय5-10400 चं उदाहरण घ्या : बेस स्पीड 2.9, टर्बो म्हणजे तात्पुरता चढा वेग 4.3 गिगाहर्ट्झ. इंटेलच्या हिशेबात त्याला कायमची परवानगी 65 वॉटची. 134 वॉटपर्यंत मुभा साधारण 28 सेकंद. व्हिडिओ रेंडर अर्ध्या मिनिटानंतर मंदावला तर ते नियमानुसार आहे. मदरबोर्डवाले या मर्यादा बदलतात, म्हणून तोच प्रोसेसर शेजाऱ्याकडे जास्त पळतो.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 टक्के केलं की टर्बो बंद पडतो. एका टक्क्याने काय होतंय, असं वाटतं, 4.3 चा थेट 2.9 होतो. ‘पीसी गार ठेवायची युक्ती’ म्हणून हे कुणी तरी करून ठेवतं आणि विसरतं.

सगळ्यांत चक्रावणारा प्रकार म्हणजे तापमान 45 अंश, काम जड, आणि वेग 0.8 वर खिळलेला. इथे प्रोसेसर नव्हे, बहुधा मदरबोर्ड ‘थांब’ म्हणतोय. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग तापला, एखादा सेन्सर खोटं बोलू लागला किंवा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) डळमळीत झाला की तसा इशारा जातो. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, मग सुरू करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर बायॉस अपडेट आणि दुसरा एसएमपीएस लावून तपासणी.

‘बूस्टर’ सॉफ्टवेअरने यातलं काहीच सुटत नाही. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर मात्र वेग, तापमान आणि बहुतेक इंटेल प्रोसेसरवर ब्रेक उष्णतेचा की विजेच्या मर्यादेचा हेही दाखवतं. दुकानदार फॉरमॅट सुचवील तेव्हा आधी जड काम चालवून हे आकडे दाखवायला सांगा. फॉरमॅटने हीटसिंकमधली धूळ निघत नाही.