दहातले सहा

चाळिशीतला माणूस, सगळे दात जागच्या जागी, आणि उशाशी मात्र कवळी ठेवायची डबी. लग्नाच्या कार्यालयात वरच्या मजल्यावर सगळ्यांसाठी ओळीने गाद्या टाकल्या होत्या, तिथे हे दिसलं आणि विचारल्यावाचून राहवलं नाही. "घोरण्यावरची आहे," एवढं सांगून त्याने ती वस्तू दातांवर चढवली. खालचा जबडा पुढे आला, चेहरा भांडायला निघाल्यासारखा झाला, आणि तो कुशीवर वळला. त्या रात्री घोरले ते बाकीचे सगळे.

ही वस्तू तयार होते कशी ते बघायला मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका दंतवैद्यांकडे गेलो. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते, शेजारी बायको. पेशंट ते, पण बोलत होत्या बाई. डॉक्टरांनी आधी आवाजाबद्दल विचारलंच नाही. गाडी चालवताना डुलकी येते का, सकाळी डोकं दुखतं का, रक्तदाब आहे का, हे विचारलं आणि स्लीप टेस्टचा रिपोर्ट मागितला. ही टेस्ट घरीही होते. छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा आणि नाकाला नळी लावून रात्रभर झोपायचं. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, तो आकडा त्यातून निघतो. थांबणं म्हणजे निदान 10 सेकंद. 5 ते 15 सौम्य, 30 च्या वर गंभीर. यांचा आला 11. तीसच्या वर गेला असता तर डॉक्टरांनी आधी हवेच्या दाबाचं सीपॅप मशीनच सुचवलं असतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये आणलेला तो उपाय आजही सगळ्यांत खात्रीचा. पण रात्रभर मास्क लावून झोपणं अनेकांना जमत नाही.

मग माप. जबडा शक्य तितका मागे न्यायचा, मग शक्य तितका पुढे काढायचा. दातांत धरलेल्या पट्टीवर अंतर भरलं 10 मिलिमीटर. "दहातले सहा घेऊ," डॉक्टर म्हणाले. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला जोडलेला असतो. झोपेत तो सैलावतो, जीभ मागे पडते, घशातली वाट अरुंद होते, आणि त्या फटीतून जाणारी हवा पडजीभ आणि मऊ टाळू थरथरवते. जबडा पुढे बांधून ठेवला की जीभही त्याच्याबरोबर पुढे येते. कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या पिएर रोबँ यांनी 1902 मध्येच लहान जबड्याच्या मुलांसाठी असं एक साधन केलं होतं. गुलाबी पेस्टमध्ये दातांचे ठसे घेतले, मेणात चावा घेतला, काम संपलं.

माझ्या मते खरं काम इथून पुढचं. लॅब दोन गल्ल्या सोडून, अंधाऱ्या जिन्यावर. दार उघडण्याआधीच ॲक्रिलिकच्या लिक्विडचा वास नाकात शिरतो. गोडसर, पण डोळ्यांत पाणी आणणारा. तिथल्या काकांना तो येईनासा झालाय, मास्क त्यांच्या हनुवटीवर असतो. फळीवर दगडी प्लॅस्टरचे जबडे रांगेने ठेवलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. या माणसांना काकांनी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांच्याबद्दल माहिती भरपूर. आमच्या गृहस्थांचे जबडे हातात घेऊन, सपाट झालेल्या सुळ्यांवर बोट ठेवत ते म्हणाले, "हा झोपेत दात खातो. याला जाड करावं लागेल."

मेणातला चावा मध्ये धरून दोन्ही जबडे बिजागरीच्या सांगाड्यावर बसवले. मग काकांनी पट्टी लावली. पुन्हा लावली. "सहा म्हणजे सहा. साडेपाच झालं तर बायको ओरडणार, साडेसहा झालं तर कानापुढचा सांधा." पावडर भुरभुरवायची, वर लिक्विडचे थेंब सोडायचे, पुन्हा पावडर. मधेच दोन बाजूंना बारीक स्क्रू पुरायचे. तास-दीड तास हेच. मग प्रेशर पॉट, घासणं, पॉलिश. शेवटी करंगळी आतल्या कडेवरून सावकाश फिरवली, थांबले, आणि न दिसणारं काहीतरी पुन्हा घासलं. "जिभेला केससुद्धा दोरखंड वाटतो."

त्याच टेबलावर एक दुसरी वस्तू पडली होती. याच गृहस्थांनी आधी ऑनलाइन मागवलेली. गरम पाण्यात बुडवायची, चावायची, झालं. काकांनी ती दोन बोटांनी उचलून दाखवली आणि परत ठेवली, बोलले काही नाहीत. मला मात्र बोलायचंय. जबडा किती पुढे जातो ते कोणी मोजलेलं नाही, हलणारे दात कोणी बघितलेले नाहीत, आणि मुख्य म्हणजे आवाज कमी झाला तरी श्वास थांबायचा तसाच थांबत राहू शकतो. मग शेजारचा निर्धास्त झोपतो आणि आजार वाढतो.

अर्थात मापाने केलेली वस्तूही साधीसुधी नाही. सुरुवातीला उशी लाळेने भिजते, सकाळी जबडा आखडतो. वर्षानुवर्षं वापरली तर पुढचे दात सरकतात, चावा बदलतो. डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिळणार कधी?"

काही आठवड्यांनी दोघं तपासणीला आले तेव्हा मीही तिथे होतो.

"घोरणं कसं आहे?"

"मला काय माहीत, मी झोपलेला असतो," गृहस्थ म्हणाले.

"पूर्वी शेजारच्या फ्लॅटमध्ये जायचं, आता खोलीतच राहतं," बाई म्हणाल्या. "तो स्क्रू अजून दोनदा फिरवून द्या."

एका वेळेला पाव मिलिमीटर. डॉक्टरांनी किल्ली घेऊन दोन्ही बाजूंना एकेकदाच फिरवली, आणि वस्तू तोंडात ठेवून करायची नवी स्लीप टेस्ट लिहून दिली.

"आवाज थांबला तरी करायची का?" बाईंनी विचारलं.

"थांबला तर नक्कीच."