बोलावणे आले का?

मराठीत 'बोलावणे येणे' या शब्दांचा एक अर्थ असा आहे, की तो घरात उच्चारलेला वडीलधाऱ्यांना मुळीच खपत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात शहागंजातील आमच्या गल्लीत हाच प्रश्न दिवसातून चारदा तरी कानी पडे. विचारणारे कधी समोरच्या आजी, कधी दूधवाले, तर कधी मागच्या वाड्यातल्या खाला. "क्या हुआ बेटी, बुलावा आया?" आणि ज्या मुलीला विचारायचे, ती बिचारी मोबाईल हातात धरून पायरीवर बसलेली!

मुलगी बी.ए. झालेली. विषय मानसशास्त्र. वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान. तिला एम.ए. करून पुढे चिकित्सा मानसशास्त्रात जावयाचे होते. तिने चार ठिकाणी अर्ज केले होते आणि चारही ठिकाणी सामसूम होती. माझा विषय मराठी. पण अर्जासोबत जे हेतुपत्र जोडावे लागते ते 'जरा बघून द्या सर' म्हणून तिच्या आईने मला गळ घातली, आणि मी या प्रकरणात ओढला गेलो.

प्रथम या विषयाबद्दलच्या समजुती सांगितल्या पाहिजेत, कारण मुलाखतीआधीची पहिली मुलाखत घरीच होत असते. आजींच्या मते मुलगी आता 'समोरच्याच्या मनातले ओळखायला' शिकणार. काकांच्या मते ती 'वेड्यांची डॉक्टर' होणार आणि मग तिचे लग्न जमणार कसे? दोघांचेही चुकते. मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर, तो औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. चाचण्या घेणे, ऐकणे, बोलते करणे, विचारांची व सवयींची घडी पुन्हा बसविणे हे त्याचे काम. आणि येथे मुलामुलींच्या पालकांनी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी : नुसत्या एम.ए.ने 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते, आणि ते परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून लागत नाही. इतकी वर्षे हा अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांचे एम.फिल. होते. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद झाली. या विषयापुरती ती २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत चालू ठेवण्यात आली. तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची मान्य संस्थांची यादी स्वतः पाहावी. शेजाऱ्याच्या भाच्याने काय केले होते, त्यावर जाऊ नये.

हा विषय आपल्याकडे काही काल आलेला नाही. कलकत्ता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९१६ साली निघाला, पुणे विद्यापीठात प्रा. कोठुरकरांनी तो १९५० मध्ये उभा केला, आणि बंगळुरूच्या ज्या संस्थेला आज निम्हान्स म्हणतात तेथे रुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ १९५५ पासून तयार होऊ लागले. आमचे मराठवाडा विद्यापीठ मात्र १९५८ चे. त्याआधी येथल्या मुलाने पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे तर बहुधा हैदराबादची वाट धरावी. राज्यातली पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार जुनी मनोरुग्णालये पाहा. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. म्हणून आमच्या मुलांची नजर अजूनही रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसवर असते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुणे, बंगळुरू. आणि घरचे म्हणून विद्यापीठ आहेच, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी.

पूर्वी प्रत्येक संस्थेची परीक्षा निराळी असे. अलीकडे बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर प्रवेशाची एकच देशव्यापी परीक्षा संगणकावर होते. ती दिली की गुण यावयाचे, मग प्रत्येक संस्थेत वेगळी नोंदणी, मग पहिली यादी, मग मुलाखत. प्रत्येक पायरीवर शुल्क आणि प्रत्येक पायरीनंतर मौन. अमेरिकेत राहणारी तिची मावसबहीण सांगत होती की तिकडेही डिसेंबरात अर्ज गेले की जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखतीची बोलावणी निघतात, आणि ज्यांना आर्थिक साह्यासह जागा मिळते त्यांनी १५ एप्रिलपर्यंत होय-नाही कळवायचे असा अनेक विद्यापीठांचा संकेत आहे. निदान एक तारीख तरी ठरलेली!

गंमत अशी की वाट पाहणे हा खुद्द मानसशास्त्राचाच विषय आहे. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ साली बर्लिनमधील आपले प्रयोग प्रसिद्ध केले : पुरे झालेले काम माणूस विसरतो, अर्धे राहिलेले मात्र त्याच्या डोक्यात घोळत राहते. आमच्या मुलीने हे परीक्षेसाठी पाठ केले होते. उन्हाळ्यात ते भोगले. दुसरा प्रयोग वॉल्टर मिशेल यांचा. पोरांपुढे एक मिठाई ठेवायची आणि सांगायचे, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुले पुढे आयुष्यात सरस ठरली असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. पण २०१८ मध्ये अधिक मुलांवर ते ताडून पाहिले तेव्हा, घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो फरक बराचसा विरघळला. मला हे वाचून नवल वाटले नाही. ज्याच्या घरी डबा भरलेला असतो, त्याला थांबणे सोपे जाते. कापडदुकानदाराच्या मुलीचे एक वर्ष फुकट जाणे आणि बंगल्यातल्या मुलीने 'एक वर्ष विश्रांती' घेणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत. तिच्याकरिता एक स्थळ आले होते. त्यांनाही उत्तर हवे होते, आणि तेही लवकर.

मे महिन्यात एका ठिकाणचे बोलावणे आले, तेही संगणकाच्या पडद्यावरचे. मग तयारी सुरू झाली. तिचे हेतुपत्र मी वाचले होते. 'मला समाजाची सेवा करावयाची आहे' अशा वाक्यांनी ते ओतप्रोत भरले होते. मी एवढेच विचारले, "आपल्या गल्लीत माणसाचे मन बिघडले तर तो काय म्हणतो गं?"

ती थबकली. मग वही काढून गल्लीभर हिंडली. पुस्तकात 'नैराश्य', 'चिंता-विकृती'. गल्लीत यातले एकही नाही! आजी म्हणाल्या, "करमत नाही." दूधवाले म्हणाले, "जिवाला घोर लागलाय." खाला म्हणाल्या, "दिल घबराता, जी नहीं लगता." पैठणकडून आलेला हमाल म्हणाला, "डोस्कं उठलंय." कोणी छातीत धडधड सांगितली, कोणी पोटात खड्डा. मन आजारी पडले, असे एकानेही सांगितले नाही; शरीराच्याच कुठल्या तरी जागेवर त्यांनी बोट ठेवले. 'करमत नाही' याला दुसऱ्या भाषेत नेमका शब्द सापडणे कठीण, हे मी मराठीचा मास्तर म्हणून सांगू शकतो. तो रोग नव्हे, पण रोगाची पहिली चाहूल असू शकतो. आणि ती चाहूल ज्याला त्याच भाषेत ऐकू येते, तोच पुढचा प्रश्न विचारू शकतो.

निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कसला ना कसला मानसिक विकार आढळला. आमच्या भागात तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी शासनाला मराठवाडा-विदर्भातील जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प काढावयास लावला. तेथे समोर बसणारा शेतकरी 'नैराश्य' म्हणणार नाही. तो म्हणेल, "झोप नाही ओ."

मुलाखतीच्या सकाळी शहागंजाचा बाजार नेहमीसारखाच उठला. हातगाड्या, रिक्षा, भाजीवाले. वाड्यातली आतली खोली निवडली, खिडक्यांना गोधड्या लावल्या. वडिलांनी दुकान तासभर बंद ठेवले आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहून भोंगेवाल्या भंगारवाल्याला हात जोडून परतवले. पंचवीस मिनिटांनी मुलगी बाहेर आली. तिला विचारले गेले होते, की तुमच्या शहरात लोक दुःख कसे बोलून दाखवतात. वही न उघडता ती बोलली होती. मग परीक्षकांपैकी एक बाई स्वतःच्या गावचा शब्द सांगू लागल्या, आणि वेळ संपली.

त्यानंतर पुन्हा मौन. दोन ठिकाणांहून नकार आला, आपल्या विद्यापीठात नाव लागले, आणि जिथे मुलाखत झाली तिथे प्रतीक्षा यादीत क्रमांक अकरावा. पाचवा झाला, तिसरा झाला. स्थळाकडच्यांना वडिलांनी परस्परच नाही कळवले, हे आम्हाला नंतर समजले. जुलैच्या एका दुपारी ते दुकानातून उठून माझ्याकडे आले. फोनवर आलेले पत्र त्यांनी पुढे धरले आणि एवढेच विचारले, "सर, फी भरायला सातच दिवस दिलेत. वसतिगृहाचे यातच धरलेत, का निराळे?"

निराळे होते. ते तिथेच पायरीवर बसले आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडे मांडू लागले.