लिलावातला शक्तिमान: आधी रबर बघा
बऱ्याच जणांनी विचारलं, मिलिटरीचा जुना ट्रक लाकूड वाहायला घ्यावा का? शक्तिमान म्हणजे जर्मन मॅनच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली गाडी, 1996 पर्यंत. आम्ही लिलावात घेतला तेव्हा मीटर बघूनच भुललो, किलोमीटर अगदी कमी! पण गाडी नुसती उभी राहिली तरी रबर म्हातारं होतं. पहिल्याच भरल्या खेपेला घाटात ब्रेकचं पेडल तळाला गेलं. काकांनी गिअर उतरवत, दरडीला घासत थांबवली.

आता मी आधी ब्रेकची रबरं, होज, टायर बदलतो, इंजिन नंतर.

आणि पुढच्या चाकांची ड्राइव्ह फक्त चिखलात लावा. कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, घसरायला जागा नसते, सगळा ताण गिअरवर. लिव्हर अडकला तर हातोडा नको. जरा रिव्हर्स घ्या, सुटतो.