कान देणे म्हणजे मान देणे

संगीत ऐकायचे तर मोठे घर आणि कपाटाएवढे स्पीकर पाहिजेत, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मोठा आवाज म्हणजेच चांगला आवाज, हा त्याच समजाचा जुळा भाऊ. वास्तविक हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पुस्तकांच्या फळीवर मावणारे दोन लहान स्पीकर, ज्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात, ते दहा बाय बाराच्या खोलीत जे ऐकवतात ते मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला कधीच जमत नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९७०च्या दशकात जेमतेम एक फूट उंचीचा 'एलएस थ्री फाइव्ह ए' हा स्पीकर तयार केला, तो बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनमधील अरुंद जागेसाठी. तंत्रज्ञांना आवाजाची पारख करता यावी म्हणून! मग आपल्या दोन खोल्यांच्या घराने कमीपणा का मानावा?

मात्र थोडी काळजी घ्यावी लागते. दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. दोन स्पीकरमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आपण बसावे. आवाज बेताचा ठेवावा. लहान पेटीतून अगदी खोल खर्ज पुरता निघत नाही, हे खरे. पण माणसाचा गळा, फुंकवाद्य, बोटाने छेडलेली तार हे सारे स्वच्छ उमटते.

आता एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर, एकेकाळच्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे मार्च व एप्रिल १९५९मध्ये केवळ दोन दिवसांत हे मुद्रण झाले. उंच छताच्या त्या दालनाची हवासुद्धा या मुद्रणात उतरली आहे. डोळे मिटून ऐकले की डावीकडे जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, उजवीकडे कॅननबॉल अॅडर्लीचा आणि मधोमध माइल्सचे ट्रम्पेट. स्पीकर नाहीसे होतात, माणसे समोर उभी राहतात.

आणि माणसे समोर उभी राहिली की त्यांचे जगणेही आठवावेच लागते. १७ ऑगस्ट १९५९ रोजी ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. अवघ्या आठ दिवसांनी, न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबबाहेर माइल्स उभे होते. एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीत बसवून ते मोकळ्या हवेत थांबले होते. पोलिसाने हटकले. आपले नाव याच क्लबच्या फलकावर आहे, हे त्यांनी दाखवले. तरीही त्यांचे डोके फोडण्यात आले. रक्ताळलेल्या कोटानिशी त्यांना अटक झाली, खटलाही त्यांच्यावरच भरला गेला आणि पुढे न्यायालयाला त्यांना निर्दोष सोडावे लागले. सूर हवा, पण सूर काढणारा माणूस पदपथावरही नको!

हे आपल्याला नवे आहे काय? हलगीशिवाय ज्यांची मिरवणूक निघत नव्हती, त्यांनीच हलगी वाजवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर उभी करताना अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे नाव उगाच घेतले नव्हते. दोन्हीकडचे दुखणे एकच होते.

म्हणूनच घरात शांतपणे संगीत ऐकणे ही श्रीमंतांची चैन समजू नये. गोंगाटात फक्त ठेका पोहोचतो. शब्द, श्वास आणि वेदना पोहोचत नाहीत. आपल्या शाहिरांच्या कॅसेटी आणि सीडी अनेकांच्या घरी धूळ खात पडल्या आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ टीव्ही बंद करावा, मुलांना जवळ बसवावे आणि त्यातली एखादी लावावी. आधी गाणाऱ्याचे नाव सांगावे, तो कोण होता ते सांगावे आणि मग ऐकावे. ज्याचे कुणी ऐकून घेतले नाही, त्याला कान देणे हाच त्याचा खरा मान आहे.