चवदार तळ्यावर पुस्तकाच्या टेबलाला जागा कुठे?

मार्च 1927 च्या महाड परिषदेला प्यायचे पाणी 40 रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. डिसेंबरच्या परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम बांधवाने आपली जमीन दिली. जागा कोण देतो आणि कोण नाकारतो, हा प्रश्न महाडला नवा नाही. आज तो आपल्याच माणसांत उभा आहे, म्हणून हे लिहितो.

दरवर्षी 20 मार्चला चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ परिसरात जनसागर लोटतो. त्यात ग्रंथविक्रेता येतो, स्वतःच्या गीतांची पुस्तिका घेऊन शाहीर येतो, मूर्तिकार येतो, पोलादपूरच्या खोऱ्यातून बाबासाहेबांची हाताने रंगवलेली चित्रे घेऊन एखादा पोरगा एसटीतून उतरतो. आणि जागा कुणाला मिळते? आदल्या रात्री बांबू रोवणाऱ्याला. एका वर्षी आम्ही पहाटे टेबल लावले. दुपारी एका मंडपाची माणसे आली, म्हणाली, "दादा, उचला, ही जागा आमची." पुस्तके गटाराकाठी गेली. शेजारच्या कर्ण्यापुढे गिऱ्हाईकाला किंमतही ऐकू जाईना.

हे टाळता येते. दादरला 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर महापालिका स्टॉलची आखणी करते; महाडला का नको? हिशेब अवघड नाही. टेबल सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. मागे विक्रेत्याला तीन फूट, पुढे चाळणाऱ्या वाचकाला तीन. समोरासमोर दोन रांगा लावल्या आणि मध्ये चालणाऱ्यांना आठ फूट सोडले, तर एकूण पंचवीस फूट लागतात. जिथे तेवढी रुंदी नाही, तिथे एकाच बाजूला टेबले. लोक पुस्तक उघडून उभे राहतात, हे धरूनच रस्ता सोडायचा. नाहीतर मागचा रेटा वाचकालाच पुढे ढकलतो. तळ्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीपाशी आणि रुग्णवाहिकेच्या वाटेवर एकही टेबल नको, मग ते आमचे का असेना!

कॅसेट-सीडी गेल्या, पण कर्णे राहिले. त्यांना ग्रंथांच्या रांगेपासून लांब बसवा. मार्चच्या उन्हात डिंकाची बांधणी सुटते, चित्रांचे रंग उडतात, तेव्हा सावलीची बाजू ग्रंथ आणि चित्रांना द्या. प्लॅस्टरच्या मूर्तीला ऊन सोसते, धक्का सोसत नाही, तिला कोपरा द्या. वडापाव आणि सरबतवाल्यांशी आमचे वैर नाही. उपाशी माणूस पुस्तक घेत नाही. पण तेलाची कढई कागदाशेजारी कशाला?

भाड्याचे काय? मोठ्या प्रकाशनाला दोन टेबले परवडतात, शाहिराला अर्धेही नाही. म्हणून स्वतः लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, रंगवणाऱ्याला अर्धे टेबल मोफत आणि ते मधल्या भागात, टोकाला नव्हे. महाडनंतर चौदाच दिवसांनी, 3 एप्रिल 1927 ला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. तळ्यावरच्या लढ्याला छापील शब्द लागतो, हे त्यांना सांगावे लागले नव्हते.

आमची मागणी एवढीच : नगरपालिका, पोलीस आणि सर्व गटांचे कार्यकर्ते यांनी जानेवारीतच एकत्र बसावे. नावे नोंदवून चिठ्ठ्या काढाव्यात, चिठ्ठी सर्वांसमोर उघडावी. 18 मार्चला चुन्याच्या रेषा आणि नंबर पडावेत. नंबर ज्याचा, जागा त्याची, बांबू कुणीही रोवलेला असो. त्या बैठकीला मोजपट्टी घेऊन आम्ही येतो.