बोर्डाचं माप आधी कागदावर



गेल्या दिवाळीआधी आमच्या भागातल्या एका गटाने पापड-मसाल्याच्या दुकानासाठी फ्लेक्सचा बोर्ड करून आणला. आठ फूट लांब, तीन फूट उंच. त्यावर गटाचं पूर्ण नाव, मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्हा, अध्यक्ष आणि सचिवांची नावं, अकरा पदार्थांची यादी, दोन मोबाइल नंबर आणि सगळ्या जणींचा एक फोटो. दुकान गंगाखेड रस्त्याला. आठ दिवसांनी मी गाडीवर मागे बसून तिथून गेले, तर मलाच ते दुकान दिसलं नाही. पुढे जाऊन परत फिरावं लागलं.

चूक छापणाऱ्याची नव्हती. आम्ही जेवढं लिहून दिलं तेवढं त्याने बसवलं. बोर्ड किती लांबून वाचायचा आहे, हा हिशोबच आम्ही केला नव्हता. पैसे मात्र गटाच्या खात्यातून गेले. म्हणून आज सांगते, बोर्ड छापण्याआधी तो संगणकावर मापात कसा काढायचा आणि घरच्या भिंतीवर कसा तपासायचा.

माप सोपं ठेवा. एका फुटाला एक इंच. म्हणजे आठ फूट बाय तीन फुटांचा बोर्ड कागदावर आठ इंच बाय तीन इंच होतो. ए-फोर कागद आडवा धरला तर तो त्यावर आरामात मावतो. एका फुटात बारा इंच, म्हणून आपलं चित्र खऱ्या बोर्डाच्या बाराव्या हिश्शाचं झालं. हा बाराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागतो.

यासाठी इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. छपाईच्या दुकानात बहुतेक कोरलड्रॉ असतं, तेही चालतं. गावातल्या सेवा केंद्रात किंवा कॉलेजात शिकणाऱ्या लेकीकडे संगणक असेल तर तिला सोबत घ्या. नवीन पान उघडल्यावर पहिलं काम म्हणजे मापाचं एकक मिलिमीटरवरून इंचावर आणायचं. मग पानाची रुंदी ८ आणि उंची ३ टाकायची. चारही बाजूंनी पाव इंच जागा मोकळी सोडायची. खऱ्या बोर्डावर ती ३ इंच होते. आता लिहायला खरी जागा उरली ९० इंच लांब आणि ३० इंच उंच.

आता अक्षराची उंची. पाटी करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर. रस्त्यावरचा माणूस दुकानापासून ६० फुटांवर असतानाच त्याला वाचता यायला हवं असेल, तर अक्षर ६ इंच हवं. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ३६ फूट जाते. म्हणजे ६० फूट संपायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात तीन-चार शब्दच वाचून होतात.

आपल्या मराठी अक्षराची मोजणी थोडी वेगळी आहे. उंची मोजायची ती शिरोरेघेपासून 'म' किंवा 'प' च्या दांडीच्या टोकापर्यंत. वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेघेच्या वर जातात आणि उकार खाली उतरतो. त्यांच्यासाठी वर निम्मी आणि खाली निम्मी जागा धरायची. म्हणजे ६ इंचाच्या अक्षराची ओळ प्रत्यक्षात १२ इंच, पूर्ण एक फूट खाते. हे धरलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

रुंदीचा अंदाजही असाच. ठळक अक्षर साधारण जेवढं उंच तेवढंच रुंद धरा. ९० इंचात ६ इंचाची पंधराएक अक्षरं बसतील, शब्दांमधली मोकळी जागा धरून. आता मोजा. 'महिला स्वयंसहाय्यता समूह' एवढ्यातच १२ अक्षरं झाली, आणि गटाचं स्वतःचं नाव अजून यायचंच आहे. ते मावत नाही. मग आपण काय करतो? अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबतो. दाबली की उभ्या दांड्या बारीक होतात, शिरोरेघ मात्र जाडच राहते आणि वाचायला त्रास होतो. अक्षर लहान-मोठं करायचं असेल तर संगणकावर कंट्रोलचं बटण दाबून कोपऱ्यातून ओढा, म्हणजे त्याचा आकार बिघडत नाही.

त्या गटाबरोबर बसून आम्ही बोर्ड पुन्हा मांडला. सगळ्यात वर, सगळ्यात मोठं: 'पापड-मसाले'. सहाच अक्षरं, म्हणून ती ९ इंचांची घेता आली. मात्रेची जागा धरून ओळ साडेतेरा इंचांची झाली. मग ३ इंच मोकळे. मग गटाचं पूर्ण नाव ३ इंचाच्या अक्षरात, मात्रा-उकार धरून ६ इंच. मग २ इंच मोकळे आणि ४ इंचाच्या आकड्यांत एकच मोबाइल नंबर. बेरीज साडेअठ्ठावीस इंच, तिसात बसली. कागदावर काढताना यातल्या प्रत्येक आकड्याला बाराने भागायचं: ९ इंचाचं अक्षर तिथे पाऊण इंच होतं, ३ इंचाचं पाव इंच. गटाचं नाव खाली गेलं म्हणून आधी दोघी-तिघी नाराज झाल्या. पण रस्त्यावरच्या माणसाला आधी कळायला हवं की इथे काय मिळतं. गटाचं नाव तो दुकानाशी आल्यावर वाचतोच. पदार्थांची यादी, भाव आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दुकानात दारापाशी वेगळ्या कागदावर लावले. ते जवळूनच वाचायचे असतात.

आता तपासणी. कागद छापताना प्रिंटरमध्ये 'पानात बसवा' असं निवडू नका, पूर्ण १०० टक्के मापात छापा आणि पट्टीने मोजून बघा: रुंदी बरोबर ८ इंच भरली पाहिजे. मग तो कागद भिंतीला चिकटवा आणि ५ फुटांवर उभ्या राहा. ६० भागिले १२ म्हणजे ५. खरा बोर्ड ६० फुटांवरून जेवढा दिसेल, तेवढाच हा कागद ५ फुटांवरून दिसतो. आपल्याला मजकूर पाठ असतो, म्हणून ज्यांनी तो आधी पाहिला नाही अशा सासूबाईंना किंवा शेजारणीला बोलवा आणि दोन सेकंदांत काय वाचलं ते विचारा. त्यांना जे वाचता आलं नाही, ते रस्त्यावरच्या गिऱ्हाइकालाही वाचता येणार नाही.

फाइल छपाईला देताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, फाँट. 'मुक्त' आणि 'बलू' हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मराठी फाँट फुकट मिळतात आणि ठळक दिसतात. पण दुकानातल्या संगणकात तोच फाँट नसेल तर 'स्व', 'य्य', 'द्य' अशी जोडाक्षरं फुटतात. म्हणून मजकूर निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. मग अक्षरांचं चित्र होतं आणि ती फुटत नाहीत. मात्र त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून आधी एक प्रत वेगळी ठेवा. दुसरी, फोटो. अक्षरं रेषांची असतात, कितीही मोठी केली तरी कडा साफ राहतात. फोटो ठिपक्यांचा असतो, बारापट मोठा केला की फाटतो. तो द्यायचाच असेल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तिसरी, फाइलसोबत लिहून द्या: 'एक इंच म्हणजे एक फूट, बारापट मोठं करणे'.

फ्लेक्स नको, भिंतीवर रंगवायचं असेल तरी हाच कागद कामाला येतो. कागदावर एक-एक इंचाचे चौकोन आखा, ते २४ होतील. भिंतीवर एक-एक फुटाचे तेवढेच चौकोन दोरीने आखा. मग एकेका चौकोनातली रेघ तशीच उतरवायची. ठिपक्यांची रांगोळी काढता येते तिला हे शिकवावं लागत नाही.

कायद्याचंही थोडं सांगते. २०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी माणसं कामाला असली तरी दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत हवी. दुसरी भाषा लिहिली तर मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं लहान नकोत. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे इंग्रजी नाव टाकणार असाल तर तेही याच कागदावर मोजून घ्या.

येत्या बैठकीत ज्या गटाला बोर्ड करायचा आहे, त्यांनी आधी दोरीने दुकानापासून रस्त्यापर्यंतचं अंतर मोजून आणावं. अंतर कळलं की अक्षराचं माप ठरतं, आणि माप ठरलं की काय लिहायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.