क्षितिजापुरता आवाज

रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला भाट्याची खाडी, उजव्या हाताला रत्नदुर्गाचा डोंगर आणि खाली ती काळी वाळू. एफएम समजून घ्यायला याहून बरी जागा सापडायची नाही. एफएमची लहर नजरेसारखी वागते. दिसतं तिथवर पोचते, डोंगर आडवा आला की अडते. ३० मीटरचा मनोरा उभारला, तर त्याचं क्षितिज गणिताने बावीसेक किलोमीटरवर येतं. मध्यम लहर जमिनीला धरून जाते आणि खाऱ्या पाण्यावरून तर आणखी लांब मजल मारते. कोकणातल्या माणसाने आधी मध्यम लहरीवर जीव लावला, त्याला हेही एक कारण आहे.

१९७७ हे साल गमतीचं आहे. त्या वर्षी रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, मध्यम लहरींवर, ११४३ किलोहर्ट्झला. त्याच वर्षी २३ जुलैला मद्रासमध्ये देशातलं पहिलं एफएम प्रक्षेपण झालं. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने केंद्र सुरू केलं ते २३ जुलै १९२७ रोजी, म्हणजे बरोबर पन्नास वर्षं आधी. आमच्याकडे मात्र एफएम हे अक्षर बराच काळ नुसतं सेटच्या पट्टीवर छापलेलं होतं. काटा तिकडे नेला की नुसती खरखर. रेडिओ म्हणजे ११४३, घराघरांत हिशेब इतका सोपा होता. सकाळी प्रादेशिक बातम्या, दुपारी बायकांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचं, मधूनच नाट्यगीत. या मांडणीला कोणी ‘फॉरमॅट’ म्हणत नसे. घरात जितक्या वयांची माणसं, तितकं सगळं एकाच केंद्राने द्यायचं, हा आकाशवाणीचा जुना बाणा. पुण्याच्या केंद्राने १९५५ साली सीताकांत लाडांच्या कल्पनेतून ‘गीतरामायण’ सुरू केलं आणि वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं दिलं. असली चैन जाहिरातींच्या हिशेबात बसत नाही.

तो हिशेब एफएमवर आला १९९३ साली. आकाशवाणीने मुंबई-दिल्लीच्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना विकले. ‘टाइम्स एफएम’ आणि ‘रेडिओ मिड-डे’ ही नावं मुंबईकरांच्या तोंडी बसली. निवेदकाच्या जागी आरजे आला, आणि ‘श्रोतेहो’च्या जागी अरे-तुरे. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्या खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. सरकारची मक्तेदारी सुटली, पण मालमत्ता जनतेची म्हटल्यावर ती वाटायची कशी? सरकारने लिलाव काढला.

पहिल्या फेरीत ४० शहरांसाठी १०८ वाहिन्या होत्या. मुंबईचा परवाना वर्षाला पावणेदहा कोटींवर गेला, वर दरसाल १५ टक्के वाढ, मिळकत होवो न होवो. बहुतेकांनी हात टेकले. २००१ च्या जुलैत बंगळुरात ‘रेडिओ सिटी’ सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मुंबईत एकदम पाच-सहा वाहिन्या वाजू लागल्या. सुरुवातीला रंग वेगवेगळे होते. ‘गो ९२.५’ इंग्रजीकडे झुकलेली, बाकीच्या चवी निराळ्या. परवान्याचा आकडा मात्र सगळ्यांच्या मानेवर सारखाच होता. जाहिरातदाराला जास्तीत जास्त कान हवे होते, आणि ते ताज्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर मिळत होते. दोन-चार वर्षांत काटा कुठेही फिरवला तरी तेच गाणं. बातम्या सांगायची परवानगी नव्हतीच, मग गाण्यांच्या मधल्या फटींत आरजेंनी फोनवरच्या थट्टामस्कऱ्या भरल्या. मला त्या कधीच फारशा हसू आणत नसत, पण त्या ऐकणाऱ्यांची संख्या माझ्या नावडीपेक्षा कितीतरी मोठी होती, हेही खरं.

मुंबईच्या या एफएमवर मराठी गाणं जवळजवळ वाजतच नव्हतं. संगीतकार कौशल इनामदार यांनी सांगितलंय की, एका खासगी वाहिनीवर मराठी गाणी लावली तर ‘डाउनमार्केट’ ठसा बसेल, असं त्यांना ऐकायला मिळालं. त्या चिडीतून सुरेश भटांच्या कवितेचं ‘मराठी अभिमानगीत’ उभं राहिलं, चारशेहून अधिक आवाजांत, २०१० साली. एका शहराच्या एफएमवर त्या शहराच्या भाषेला जागा मिळावी म्हणून एवढे गळे लागावेत!

२००५ च्या धोरणाने पहिली चूक सुधारली. ठोक परवाना शुल्क जाऊन एकदाची प्रवेश फी आणि उत्पन्नाचे ४ टक्के, असा हिशेब आला. ९१ शहरांसाठी ३३८ वाहिन्या निघाल्या. मग घाटावर कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाची ‘टोमॅटो एफएम’ वाजू लागली, आणि शहराच्या बोलीची झाक असलेला आरजे ऐकू आला. २०११ च्या धोरणाने मात्र एका कंपनीला आपल्या वाहिन्या देशभर एकमेकींशी जोडायची मुभा दिली. खर्च वाचतो, हे उघड आहे. पण त्या वाटेने एकाच शहरात बोललेलं दहा शहरांत वाजू शकतं. लहर बावीस किलोमीटरची, आणि आवाज पाचशे किलोमीटरवरून आणलेला.

स्थानिक रेडिओचं गणित खऱ्या अर्थाने मांडलं ते लहान केंद्रांनी. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ मोकळा केला. ताकद १०० वॅटपर्यंत, पोच पाच-दहा किलोमीटरची. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून ९०.४ वर बोलतं आहे. तिथल्या बायकांना आपल्याच बोलीतलं बोलणं ऐकायला मिळतं. पण आमच्या कामाचं उदाहरण दूर रामेश्वरमजवळ पांबन बेटावर आहे. तिथे ‘कडल ओसै’ म्हणजे समुद्राचा नाद, या नावाचं केंद्र २०१६ पासून मासेमारांसाठी चालतं. हवा, लाटा, मासळी आणि मधूनमधून गाणी.

आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांना याहून वेगळं काय लागतं? ३१ जुलैला बंदी संपली की १ ऑगस्टपासून समुद्र खुला. त्यानंतर दिवाळी उलटली तरी हवेचा भरवसा नसतो. २००९ च्या नोव्हेंबरातलं ‘फयान’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर अजून कोणी विसरलेलं नाही. वादळाच्या इशाऱ्याचा ‘बावटा लागलाय काय?’ हा प्रश्न इथे गाण्यापेक्षा जुना आहे. आता इशारा मोबाइलवर येतो, किनाऱ्याजवळ असेपर्यंत. पुढे गेलं की रेंज जाते. होडीवर पेनड्राइव्हची गाणी वाजतच असतात, पण पेनड्राइव्हला उद्याची हवा ठाऊक नसते.

मध्यंतरी एका तांडेलाने मला विचारलं, ‘काका, मिडियम वेव्ह लागंल असा नवा रेडिओ खंय मिळंल?’ बाजारात दोन दुकानं पालथी घातली. एफएम आणि मेमरी कार्डवाले सेट ढिगाने होते. मध्यम लहरीचा एकच निघाला, कपाटाच्या वरच्या फळीवर, धूळ खात. दुकानदाराने सेल घातले, काटा ११४३ पाशी आणला, आणि खरखरीतून शेतीचा कार्यक्रम लागला. तांडेलाने घासाघीस केली नाही. आवाज थोडा वाढवायला सांगितला आणि दुकानाच्या पायरीवरच बसला, हवामान येईपर्यंत.